पाच दिवसांच्या लढाईचे नाव

मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत वयाचा आणि काळाचा हिशेब अजूनही कधी कधी एका शब्दावरून लावला जातो. 'पोलिस अ‍ॅक्शनच्या साली मी पाळण्यात होतो', 'हा वाडा पोलिस अ‍ॅक्शनच्या आधीचा', 'मोठे चाचा पोलिस अ‍ॅक्शनमध्ये गेले'. या शेवटच्या वाक्यातल्या 'गेले'चा अर्थ ऐकणाऱ्याने विचारायचा नसतो आणि सांगणाराही सहसा उलगडून सांगत नाही. इंग्रजीचे एक अक्षर न येणाऱ्या दादी-नानींच्या तोंडी हा इंग्रजी शब्द असा रुळला आहे की तो परका वाटतच नाही. शेजारच्या हिंदू घरात त्याच दिवसांना 'रझाकारी संपली' असे म्हणतात. १७ सप्टेंबरला शाळेच्या मैदानावर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. त्या रांगेत दोन्ही घरांतली मुले उभी असतात. दोन्ही घरांची आठवण खरी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तो शब्द आहे. तो कुठून आला, कशासाठी आला आणि त्याच्यामुळे कायद्याच्या दृष्टीने काय घडले, हे पाहायचे आहे.

१३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि नळदुर्गच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरली. तिचे नेतृत्व मेजर जनरल जयंतोनाथ चौधुरी करीत होते. सोबत रणगाडे होते, वर हवाई दलाची विमाने होती. दुसरी मोठी तुकडी पूर्वेकडून, बेझवाड्याच्या बाजूने आली. या मोहिमेला लष्कराच्या कागदोपत्री 'ऑपरेशन पोलो' असे नाव होते. १७ तारखेला निझामाने लढाई थांबवल्याचे जाहीर केले आणि १८ तारखेला संस्थानी फौजेचे सेनापती जनरल अल इद्रूस यांनी चौधुरींपुढे शरणागती पत्करली. दोन फौजा, दोन सेनापती, रीतसर शरणागती. साध्या माणसाला विचारले तर तो याला युद्धच म्हणेल. सरकारने त्याला पोलिसी कारवाई म्हटले. पोलिसांकडे रणगाडे कधीपासून आले, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी थट्टेने विचारला असेल. पण ही थट्टेची बाब नाही. त्या नावामागे कायदा होता, आणि तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

युद्ध करणे हा राजाचा हक्क आहे, अशी युरोपीय कायदेपंडितांची समजूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होती. युद्ध कसे करावे याचे नियम होते, ते करावे की नाही याचे नव्हते. पहिल्या महायुद्धाने ही समजूत हादरली. २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसमध्ये केलॉग-ब्रियां करार झाला आणि राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्याग करीत असल्याचे सह्या करणाऱ्यांनी जाहीर केले. गंमत अशी, की इंग्रजी अंमलाखालच्या हिंदुस्थानचीही त्यावर वेगळी सही आहे. युद्ध असे निषिद्ध ठरताच सरकारांनी युद्ध सोडले नाही, तो शब्द सोडला. १९३१ साली जपानने मांचुरिया गिळला आणि त्याला 'घटना' म्हटले. १९३७ साली चीनवर उघड चढाई केली, तीही 'चीनची घटना'च. लाखो माणसे ज्यात मेली त्या गोष्टीला घटना म्हणायचे, कारण युद्ध म्हटले की सही आठवावी लागते.

१९४५ साली संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिणाऱ्यांना ही चलाखी ठाऊक होती. म्हणून सनदेच्या दुसऱ्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात 'युद्ध' हा शब्दच नाही. सदस्यांनी आपल्या आंतरराष्ट्रीय संबंधांत बळाचा वापर करू नये आणि तशी धमकीही देऊ नये, असे तिथे म्हटले आहे. अपवाद दोनच: सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षण (कलम ५१), आणि सुरक्षा परिषदेने स्वतः ठरवलेली कारवाई. पण त्याच दुसऱ्या कलमाच्या सातव्या पोटकलमात आणखी एक गोष्ट आहे. एखाद्या राज्याच्या निव्वळ अंतर्गत बाबतीत संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करू नये. म्हणजे उंबऱ्याबाहेर मारामारीला बंदी, उंबऱ्याच्या आत शेजाऱ्याने डोकावायचे नाही. मग सगळा प्रश्न उंबरा कुठे आहे यावर येऊन ठेपतो, आणि ज्याच्या हातात काठी असते तो उंबरा थोडा पुढे सरकवून ठेवतो.

पहिली मोठी परीक्षा इंडोनेशियात झाली. जुलै १९४७मध्ये डच सैन्याने जावा आणि सुमात्रा बेटांवरच्या इंडोनेशियन प्रजासत्ताकावर चढाई केली. डच सरकारने तिला नाव दिले 'पोलिसी कारवाई'. लष्करी सांकेतिक नाव होते 'प्रॉडक्ट', म्हणजे उत्पादन. मळे आणि खाणी ताब्यात घ्यायच्या होत्या, तेव्हा हे नाव अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. ही आमची अंतर्गत बाब आहे, सुरक्षा परिषदेचा संबंध नाही, अशी डचांची भूमिका होती. याविरुद्ध परिषदेत तक्रार कोणी नेली? ऑस्ट्रेलियाने, आणि हिंदुस्थानने. ३० जुलै १९४७ ही ती तारीख. स्वातंत्र्याला दोन आठवडे होते आणि नेहरूंचे हंगामी सरकार दिल्लीत होते. सनदेच्या ३५व्या कलमाचा आधार घेऊन हिंदुस्थानने म्हटले की या लढाईमुळे आंतरराष्ट्रीय शांततेला धोका आहे. परिषदेने १ ऑगस्टला दोन्ही बाजूंना लढाई थांबवण्यास सांगितले. पोलिसी कारवाई हे नाव डचांच्या कामी आले नाही. आपल्या परराष्ट्र धोरणाच्या इतिहासातला हा अभिमानाचा प्रसंग आहे, आणि तो असाच मानला जावा.

त्यानंतर पाच महिन्यांनी, १ जानेवारी १९४८ रोजी, भारताने त्याच ३५व्या कलमाखाली काश्मीरचा प्रश्न परिषदेपुढे नेला. आणि २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने पुन्हा त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली भारताविरुद्ध तक्रार केली. तेरा महिन्यांत एकाच कलमाच्या दारात आपण दोनदा फिर्यादी होतो आणि तिसऱ्यांदा आरोपी.

हैदराबादचे म्हणणे काय होते? १९४७च्या हिंदुस्थान स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरचे ब्रिटिशांचे सार्वभौमत्व १५ ऑगस्टला संपले. ते कुणाकडे सोपवले गेले नाही. म्हणून निझाम स्वतंत्र झाला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. त्यात वाद उद्भवल्यास दोन्ही बाजूंचा एकेक लवाद आणि त्यांनी निवडलेला पंच यांच्याकडे तो सोपवावा, अशी तरतूद होती. संस्थानात फौज ठेवण्याचा हक्कही युद्धकाळ आणि निझामाची संमती यांखेरीज भारताला या कराराने मिळत नव्हता. एक राज्य दुसऱ्याशीच असा करार करते, हा हैदराबादचा युक्तिवाद. शिवाय भारताने नाकेबंदी केली आहे, औषधेसुद्धा येऊ देत नाहीत, ही तक्रार.

भारताचे उत्तर असे की हैदराबाद हे राज्य कधीच नव्हते. चारी बाजूंनी भारताने वेढलेले, समुद्र नाही, परराष्ट्र संबंध नाहीत, एकाही देशाची मान्यता नाही. सुमारे एक कोटी साठ लाख लोकवस्तीत मुसलमान जेमतेम आठवा हिस्सा, आणि बहुसंख्य प्रजेला भारतात यायचे होते. जैसे थे कराराचा भंग हैदराबादनेच केला, आणि रझाकारांच्या दंगलींमुळे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे लोक त्रस्त आहेत. थोडक्यात, ही घरातली बाब आहे.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. कायद्याचे मुद्दे त्या दोन वर्षांत मुसाफिरखान्यातल्या चादरीसारखे वापरले गेले, ज्याला गरज त्याने ओढून घ्यावी. जुनागढ आणि हैदराबादबाबत पाकिस्तान राजाच्या हक्काचे बोलत होता, काश्मीरबाबत प्रजेच्या इच्छेचे. भारत हैदराबादेत प्रजेची इच्छा सांगत होता आणि काश्मीरबाबत राजाने सही केलेला सामीलनामा पुढे करीत होता. आपल्याकडच्या लेखांत यातली एकच बाजू सांगण्याची रीत आहे.

सुरक्षा परिषदेची बैठक पॅरिसमध्ये १६ सप्टेंबरला भरली, म्हणजे रणगाडे तीन दिवस चालत होते तेव्हा. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा की नाही यावर मत झाले. आठ मते बाजूने, विरोधात एकही नाही, तीन तटस्थ. हैदराबादच्या वतीने मोईन नवाज जंग बोलले, भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार. परिषद पुढचे पाऊल टाकते तोवर लढाई संपली होती. २२ सप्टेंबरला निझामाची तार आली की तक्रार मागे घेतली आहे. चौधुरी तेव्हा हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झालेले होते. ती तार निझामाने स्वखुशीने पाठवली काय, असा संशय परिषदेत व्यक्त झाला, आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मे १९४९मध्ये पाकिस्तानच्या जफरुल्ला खान यांनी आपले म्हणणे मांडले. त्यानंतर चर्चा नाही, ठराव नाही. परिषदेपुढच्या विषयांच्या यादीत 'हैदराबाद प्रश्न' ही ओळ मात्र पुढे अनेक दशके छापली जात राहिली.

मग कारवाई कायदेशीर होती की बेकायदा? माझे मत विचाराल तर, हैदराबाद राज्य होते हा दावा टिकणारा नव्हता. निव्वळ एक कायदा संपल्याने राज्य जन्माला येत नाही. त्याला प्रजेचा आधार लागतो, आणि तो निझामाजवळ नव्हता. जी सत्ता मजलिसे इत्तेहादुल मुस्लिमीनच्या दावणीला बांधली गेली होती, तिने स्वतःच्या प्रजेवर रझाकार सोडले. मराठवाड्यातली, तेलंगणातली गावे जाळली, लुटली. या रझाकारांचे सेनापती कासिम रझवी हे लातूरचे वकील. आपल्यापैकी अनेकांना हे नाव घ्यायला अवघड जाते, पण घेतले पाहिजे. हैदराबादची तक्रार परिषदेकडे निघाली त्याच सुमारास, ऑगस्ट १९४८मध्ये, 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांना हैदराबादच्या रस्त्यावर हात तोडून मारण्यात आले. भारतात सामील व्हावे असे लिहिणारा तो मुसलमान पत्रकार होता. ज्या सरकारच्या राजधानीत असे होते, त्याने पॅरिसला जाऊन कायद्याचा आसरा मागावा, यात विसंगती आहे. आणि इंडोनेशिया व हैदराबाद हे एक नव्हेत. जावात परका साम्राज्यवादी परत आला होता. इथे प्रजेला निझामाकडून सुटका हवी होती.

पण सामीलीकरण न्याय्य होते असे म्हटले म्हणजे विषय संपत नाही. विषय खरा तिथून सुरू होतो. शब्द एकच होता आणि त्याचे काम एकच होते: डोकावणाऱ्यांना दार बंद करणे. ते दार बंद झाले आणि आत काय घडले?

१८ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद (आता धाराशिव), नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत जे झाले, त्याची बातमी दिल्लीत पोहोचली. पंतप्रधान नेहरूंच्या इच्छेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघे नोव्हेंबरच्या अखेरीस हैदराबादला गेले आणि डिसेंबर १९४८च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गावोगाव फिरले. त्यांचा अंदाज असा, की पोलिस अ‍ॅक्शनदरम्यान आणि नंतर कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. वर सांगितलेले चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तिथल्या कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या भरभराटीच्या पेठेत कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, असे अहवालात आहे. काही ठिकाणी लष्करातल्या आणि स्थानिक पोलिसांतल्या माणसांनी लुटीत आणि इतर गुन्ह्यांत भाग घेतल्याचेही त्यांनी लिहिले. ज्या अधिकाऱ्यांनी चोख वागून लोकांना वाचवले त्यांचीही नोंद केली. आणि एक गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली. कित्येक ठिकाणी हिंदूंनी जीव देऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. एका धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी विशेष दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या घरापुढे उभे राहून मार खाल्ला. आपल्या घरांत 'आम्हाला अमक्या पाटलाने कणगीत लपवले' अशा ज्या कहाण्या सांगतात, त्या या ओळींशी जुळतात.

अहवाल सरकारला मिळाला, प्रसिद्ध झाला नाही. दीर्घकाळ तो नव्हताच अशी स्थिती होती. २०१३ साली तो अभ्यासकांना पाहता येऊ लागला, आणि त्याच वर्षी ए. जी. नूरानी यांनी हैदराबादवरच्या आपल्या पुस्तकात तो छापला. म्हणजे पासष्ट वर्षे. ज्यांनी ते दिवस पाहिले ते बहुतेक तोवर कबरस्तानात पोहोचले होते.

आता कायद्याकडे वळू. १९०७च्या हेग नियमावलीचे ४३वे कलम असे सांगते, की ज्या फौजेने मुलूख ताब्यात घेतला, तिथली शांतता आणि सुरक्षितता पुन्हा प्रस्थापित करणे व राखणे ही तिची जबाबदारी आहे. हे नियम राज्याराज्यांतल्या युद्धासाठी. १३ ते १७ सप्टेंबर हे युद्ध असते, तर उस्मानाबादच्या लोकांचे रक्षण हे विजेत्या फौजेचे आंतरराष्ट्रीय कर्तव्य ठरले असते. पण ते युद्ध नव्हते, पोलिसी कारवाई होती. ठीक आहे. मग पोलिसांचे काम काय असते? गुंडांना पकडणे आणि रयतेला वाचवणे. म्हणजे दुसऱ्या नावानेही जबाबदारी तीच येते. प्रत्यक्षात असे झाले की युद्ध नाही म्हणून हेगचे नियम लागू नाहीत, आणि पोलिस म्हणावे तर गावात पोलिस नाहीत, असलेच तर कुठे कुठे लुटणाऱ्यांसोबत. दोन कायद्यांच्या मधल्या खाचेत ही माणसे पडली. कायदेपंडितांनी निझामाच्या सार्वभौमत्वावर पाने लिहिली. लातूरच्या पेठेतल्या माणसाला निझाम सार्वभौम असो वा नसो, जगायचे होते.

या ठिकाणी आपल्या फिकहच्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. इमाम अबू हनीफांचे शिष्य इमाम मुहम्मद बिन हसन अश-शैबानी (मृत्यू इ. स. ८०५) यांचे 'सियर'वरचे लेखन, म्हणजे परराज्यांशी युद्ध-तहाचे नियम, आज जगभरचे कायद्याचे अभ्यासक वाचतात. पण त्याच परंपरेत एक वेगळे प्रकरण आहे, 'बुगात'चे, म्हणजे आपल्याच राज्यात सत्तेविरुद्ध शस्त्र उचललेल्यांचे. सूरह हुजुरातमधला समेटाचा आदेश आणि इ. स. ६५६मधल्या जमलच्या लढाईत हजरत अली यांनी घालून दिलेला शिरस्ता, हा त्याचा पाया. पळणाऱ्याचा पाठलाग नको, जखमीला ठार मारायचे नाही, त्यांची मालमत्ता लूट म्हणून वाटायची नाही, कैद्याला गुलाम करायचे नाही. मजहबांमध्ये तपशिलांचे मतभेद आहेत. पाठलागाबाबत हनफी फुकहांनी काही सवलत ठेवली आहे. पण दिशा पाहण्यासारखी आहे. बाब घरातली म्हटली की इथे बंधने सैल होत नाहीत, अधिक घट्ट होतात. समोरचा माणूस उद्या पुन्हा आपल्याच मोहल्ल्यात राहणार आहे. अर्थात हे नियम मूळ मुसलमान बंडखोरांपुरते होते, आणि मुसलमान बादशहांनी ते सर्रास मोडले हेही खरे. रझाकारांच्या वागण्यात तर त्यांचा मागमूसही नव्हता. इस्लामचे नाव घेऊन गावे जाळणाऱ्यांनी शैबानीचे नावही ऐकले नसावे.

डचांनी १९ डिसेंबर १९४८ रोजी इंडोनेशियात दुसरी पोलिसी कारवाई केली. सुंदरलाल समिती त्या वेळी हैदराबादच्या दौऱ्यावर होती. जानेवारी १९४९मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावून तिचा निषेध केला. तो निषेध योग्यच होता. १९५०च्या जूनमध्ये कोरियात अमेरिकन फौजा उतरल्या, तेव्हा अध्यक्ष ट्रुमन यांनाही 'पोलिसी कारवाई' हे वर्णन मान्य होते. १९५६ साली सुवेझवर हल्ला करणाऱ्या इंग्लंडच्या पंतप्रधानांनी हे युद्ध नसून सशस्त्र संघर्ष आहे असे पार्लमेंटला सांगितले. २०२२ साली रशियाने युक्रेनमध्ये 'विशेष लष्करी मोहीम' काढली. ही यादी कितीही वाढवता येईल.

नावाच्या या खेळाला थोडा आळा घालणारी गोष्ट हैदराबादच्या लढाईनंतर अकरा महिन्यांनी घडली. १२ ऑगस्ट १९४९च्या चार जिनिव्हा करारांत दुसरे आणि तिसरे कलम समान आहे. दुसरे सांगते की एखाद्या पक्षाने युद्ध असल्याचे मान्य केले नाही तरी, सशस्त्र संघर्ष असला की करार लागू. तिसरे त्याहून पुढे जाते. संघर्ष आंतरराष्ट्रीय नसला, म्हणजे घरातलाच असला तरी, जे लढत नाहीत त्यांच्या जिवाला हात लावता येणार नाही, त्यांना ओलीस धरता येणार नाही, त्यांचा छळ करता येणार नाही. भारताने हे करार १९५०च्या नोव्हेंबरमध्ये स्वीकारले आणि १९६० साली त्यासाठी संसदेने कायदा केला.

त्या कायद्याचा आसरा मागायला पुढे एक माणूस आला, तो गोव्यातून. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सात विरुद्ध चार मतांनी पुढे गेला आणि सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलेल्या एका गोमंतकीय पाद्र्यावर परवान्याशिवाय राहिल्याबद्दल खटला झाला. गोवा हा ताबा घेतलेला मुलूख आहे, म्हणून जिनिव्हा करारांचे संरक्षण मला आहे, असे त्याचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६९ साली निकाल दिला तो सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. गोवा भारतात विलीन होताच लष्करी ताबा संपला आणि त्याबरोबर ते संरक्षणही, असे त्यांनी ठरवले. पाद्री हरला. पण त्याचे म्हणणे ऐकून घेताना देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला त्या डिसेंबरमधल्या लष्करी कारवाईकडे तिच्या खऱ्या नावाने पाहावे लागले, ताबा कोणत्या दिवशी सुरू झाला आणि कोणत्या दिवशी संपला हे तपासावे लागले. उस्मानाबाद, लातूर, नांदेडच्या कुणा वारसाकडे १९४८ साली असा कायदा नव्हता.